एका ‘इन’चा विग्रह

चाकणच्या पुढे एका कारखान्यात, रसायनांच्या गोदामावर, ‘अज्वलनशील द्रव्यांचा साठा’ अशी पाटी साडेतीन आठवडे होती. पाटीखाली टोल्युइन, थिनर आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) या चटकन पेटणाऱ्या द्रावकांचे ड्रम. पाटीचा मजकूर आमच्या कार्यालयातून गेला होता. भाषांतर एका नव्या मुलीने केलं, तपासलं मी, आणि ‘अंतिम’ असा शेरा मारून पाठवलं तेही मीच. आग लागली नाही. कुणाला इजा झाली नाही. तरी हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे, कारण चूक का झाली याचं जे उत्तर आम्ही पहिल्या दिवशी दिलं होतं, ‘पोरीचं इंग्रजी कच्चं आहे’, ते साफ खोटं निघालं.

काम तसं नेहमीचं. कारखाना गाड्यांच्या सुट्या भागांना रंग मारून देतो. सुरक्षापुस्तिका इंग्रजीत, दीडशेच्या आसपास पानांची आणि एका हातची नाही. मूळ मसुदा जुन्या वळणाचा, ‘शॅल बी’ आणि ‘हिअरइनआफ्टर’वाला, त्यावर पुढे आलेल्या प्रत्येक सेफ्टी ऑफिसरने आपापलं ठिगळ लावलेलं. ती मराठीत आणायची आणि तिच्यातूनच पाट्यांचा मजकूर वेगळा काढून द्यायचा, असं ठरलं. पाट्या पत्र्यावर रंगवायच्या होत्या. पेंटर त्यांचाच, वर्षानुवर्षांचा.

गोदामाच्या प्रकरणातलं वाक्य देवनागरीत लिहायचं तर असं होतं: ‘इन्फ्लेमेबल लिक्विड्स शॅल बी स्टोअर्ड ऑन इन्कम्बस्टिबल फ्लोअरिंग.’ चटकन पेट घेणारी द्रव्यं न जळणाऱ्या जमिनीवर ठेवा, एवढाच अर्थ. आमच्या मुलीने लिहिलं, ‘अज्वलनशील द्रव्ये अदहनशील फरशीवर साठवावीत.’ वाचून बघा. कानाला किती नीट लागतं! दोन्हीकडे ‘इन’, दोन्हीकडे ‘अ’. भाषांतरातलं वाक्य मुळाशी इतकं तोलून असलं की तपासणाऱ्याची पेन्सिल त्याच्यावरून घसरून पुढे जाते. माझी गेली.

मला एक प्रश्न पडायला हवा होता: जे जळतच नाही, ते न जळणाऱ्या फरशीवर ठेवायची काळजी कशाला? पण वीस वर्षं सुरक्षापुस्तिका वाचल्यावर असले प्रश्न पडायचे थांबतात. त्यांत निम्म्या सूचना ‘असू द्या, कमी पडायला नको’ म्हणून घातलेल्या असतात. ‘पाणी ओलं असल्याची खात्री करून घ्यावी’ असं लिहिलेलं आलं तरी मी कर्मणी प्रयोग बरोबर आहे ना, एवढंच बघेन.

पुढचं काम सॉफ्टवेअरने केलं. आम्ही ज्यात भाषांतर करतो त्याला स्मरण असतं. एक वाक्य किंवा संज्ञा एकदा पक्की केली की तीच पुढे जिथे येईल तिथे आपोआप भरली जाते. पुस्तिकेत हा शब्द आणखी दहा ठिकाणी होता. दहाही ठिकाणी ‘अज्वलनशील’ भरलं गेलं. शेवटी संज्ञांचा मेळ तपासणारी चाचणी चालवली, ती म्हणाली विसंगती शून्य. म्हणजे चूक होती, पण एकजिनसी होती.

मुलीचा हिशोब

प्रकरण उघड झाल्यावर मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, हा शब्द आला तेव्हा डोक्यात काय चाललं होतं? ती रडकुंडीला आली होती, पण उत्तर तिने व्यवस्थित दिलं.

त्याच दिवशी सकाळी तिने टोल्युइनचं सुरक्षापत्रक केलं होतं. त्यात ‘फ्लेमेबल’ होतं. तिने कोश बघितला, ‘ज्वलनशील’ लावलं. बरोबर. दुपारी पुस्तिका उघडली तर ‘इन्फ्लेमेबल’. त्या पानावर आणि मागच्या पानावर मिळून ‘इन्कम्प्लीट’, ‘इनव्हॅलिड’, ‘इन्सोल्युबल’, ‘इनॲक्टिव्ह’ हे सगळे बसलेले. अपूर्ण, अवैध, अविद्राव्य, अक्रिय. त्या ओळीत ‘अज्वलनशील’ जाऊन बसला.

‘ताई, एकाच गोष्टीसाठी दोन शब्द, आणि एकाच्या पुढे नकार लावलाय, तर दोन्हींचा अर्थ एकच कसा असेल?’

याला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. ज्याला इंग्रजी येत नाही तो कोश उघडतो. ज्याला उत्तम येतं त्याने हा शब्द कुठेतरी वाचून ठेवलेला असतो. मधला, ज्याला नियम पक्के येतात आणि जो नियमावरून अर्थ काढू शकतो, तो फसतो. तिची पद्धत चुकीची नव्हती. त्याच पद्धतीने तिने इतर चार शब्द अचूक लावले होते. आम्ही शिकवतोही तेच की शब्द फोडून बघा. तिने फोडला. फक्त जिथे सांधा नव्हता तिथे कुऱ्हाड घातली.

पाटी वाचणारा पहिला माणूस

गोदामाबाहेर लोखंडी रॅक उभे करायचे होते. कंत्राटदाराची चार माणसं वेल्डिंग सेट घेऊन आली. असं काम करायच्या आधी परवाना भरावा लागतो. कारखान्यात त्याला ‘हॉट वर्क परमिट’ म्हणतात, मराठी तर्जुमा झाला तरी तोंडी तेच. ठिणगी पडणार असेल तर चहूबाजूंनी ३५ फूट, म्हणजे ११ मीटर, पेट घेणारं काही नको किंवा ते झाकलेलं हवं, असा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा दंडक आहे. इथल्या फॉर्ममध्येही तो रकाना होता: ‘३५ फुटांच्या आत ज्वलनशील पदार्थ आहेत का?’ कंत्राटदाराच्या मुकादमाने मान वर केली, पाटी वाचली आणि लिहिलं, ‘नाही’. सेट ठेवला तो दारापासून बारा-चौदा फुटांवर.

त्याचा दोष किती? माझ्या मते शून्य. त्या जागी तो पहिल्यांदाच आला होता. त्याने जे करायला हवं ते केलं, पाटी वाचली.

स्टोअरमधले मामा चहा पिऊन परत येत होते. त्यांनी केबल ओढलेली बघितली.

‘ए, ते बंद कर आधी.’

‘मामा, परमिट आहे. आणि पाटी वाचा की, अज्वलनशील लिहिलंय.’

‘पाटीचं मला नको सांगू. आत ये आणि वास घे.’

नंतर मी मामांना विचारलं, साडेतीन आठवडे ती पाटी तुमच्या डोक्यावर होती, तुम्हाला दिसली नाही? मामा म्हणाले, ‘ताई, पाटी नव्या माणसासाठी असते. मी कशाला वर बघतोय? मला ड्रम माहितीयत.’ हे मी वहीत लिहून घेतलं. पाटीतली चूक ज्यांना ओळखता येईल ते पाटी वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांच्याकडे ती ताडून बघायला दुसरं काही नसतं. भाषांतर तपासताना हा वाचक डोळ्यांसमोर ठेवायचा असतो. मी मात्र पुस्तिका वाचून सही करणारा साहेब डोळ्यांसमोर ठेवला होता.

ड्रममध्ये काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस. म्हणजे ४ अंशांनाच त्याच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ठिणगी मिळाली तर ती पेटते. चाकणला थंडीतही पारा इतका खाली उतरणं दुर्मीळ. तेव्हा तिथे तो ड्रम उघडा असेल तर वर्षाचे बाराही महिने पेटायला तयार. आयपीएचा १२ अंश, म्हणजे फार फरक नाही. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते, उंबऱ्याखालून बाहेर येते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचली की आग तिच्याच वाटेने परत ड्रमकडे धावते. बारा फूट हे अंतर तिला काहीच नाही.

सांधा कुठे आहे

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा. त्यावरून ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणे, भडकवणे. यातला ‘इन’ नकाराचा नव्हे. तो ‘आत’, ‘मध्ये’ या अर्थाचा उपसर्ग आहे आणि क्रियेला जोर देतो. आपल्याकडे ‘ज्वलित’ला ‘प्र’ लावून ‘प्रज्वलित’ होतं, तसा. ‘प्रज्वलित’ म्हणजे विझलेलं, असं कुणी समजेल का? इंग्रजीत या लॅटिन धातूवरून ‘इन्फ्लेम’ आलं आणि त्याला शेपूट लागून ‘इन्फ्लेमेबल’, भडकू शकणारं. विग्रह ‘इन्फ्लेम’ अधिक ‘एबल’ असा. आमच्या मुलीने केला ‘इन’ अधिक ‘फ्लेमेबल’.

घोळ असा की लॅटिनमध्ये दुसराही एक ‘इन’ आहे, नकाराचा. ‘इन्कम्बस्टिबल’मधला तो. हा दुसरा आपल्या ‘अ’, ‘अन्’चा सख्खा चुलतभाऊ आहे, मूळ एकच. दोघे दिसायला सारखे, घराणी वेगळी. आणि आमच्या त्या एका वाक्यात दोघे शेजारी शेजारी उभे होते.

डॉक्टरांकडच्या भाषेने या गोष्टीची आठवण जिवंत ठेवली आहे. अंगाला सूज येऊन लाल झालं, गरम लागलं की ते ‘इन्फ्लमेशन’. मराठीत त्याला दाह म्हणतात, म्हणजे जळणंच. प्रक्षोभक भाषण ते ‘इन्फ्लमेटरी’. आपलंही तसंच आहे: आग भडकते, डोकं भडकतं, जमाव भडकतो. मुलीला मी नंतर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे इन्फ्लेमेबल म्हणजे भडकू!’ कोशात नाही, पण याहून नेमका प्रतिशब्द मी ऐकलेला नाही.

वय बघितलं तर ‘इन्फ्लेमेबल’च थोरला, इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. ‘फ्लेमेबल’ त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी, १८१३ च्या सुमारास दिसतो, आणि पुढची शंभर वर्षं तो कोपऱ्यातच पडून होता. त्याला बाहेर काढलं ते आगीशी रोज गाठ पडणाऱ्या लोकांनी. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. कारण आमचंच: लोक ‘इन’ला नकार समजतात. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९५९ मध्ये तेच सांगितलं. व्याकरणाचे जाणकार म्हणणार, जुना शब्द निर्दोष आहे, लोकांनी शिकावं. आगवाले म्हणाले, शिकेपर्यंत थांबायला वेळ नाही, शब्द बदला. मी जन्मभर पहिल्या गटात आहे असं समजत होते.

फ्रेंचांना हा त्रास नाही. त्यांच्याकडे पेटणारं ते ‘इन्फ्लामाब्ल’च, न पेटणारं सांगायचं तर आधीच्या ‘इन’च्या पुढे आणखी एक ‘इन’ लावतात आणि कामाला लागतात. गंमत म्हणजे ‘हॅबिटेबल’ आणि ‘इन्हॅबिटेबल’ या जोडीत उलटं आहे. इंग्रजीत दोन्हींचा अर्थ राहण्याजोगं. फ्रेंचमध्ये दुसऱ्याचा अर्थ राहण्यास अयोग्य. घर भाड्याने घेताना कागद कोणत्या भाषेत आहे ते बघून घ्यावं.

आपण इंग्रजीला हसायचं कारण नाही. ‘घोर’ म्हणजे भयंकर. मग ‘अघोर’ म्हणजे सौम्य हवं. शिवाच्या नावात ते तसं आहेही. पण वर्तमानपत्रात ‘अघोरी कृत्य’ छापून येतं तेव्हा कुणी दिलासा मानून पान उलटत नाही. ‘खालिस’ म्हणजे शुद्ध. आपण त्याला ‘नि’ लावला आणि ‘निखालस’ केलं, अर्थ आणखीच शुद्ध. ‘निर्मळ’मधला ‘निर्’ नकाराचा, ‘निखालस’मधला ‘नि’ जोर देणारा. आपण अडखळत नाही कारण हे शब्द फोडून नव्हे, ऐकून शिकलो. आमच्या मुलीला ‘इन्फ्लेमेबल’ कुणी ऐकवलाच नव्हता. तिच्या पिढीने बघितलेल्या सगळ्या लेबलांवर, डिओच्या डब्यापासून सॅनिटायझरपर्यंत, ‘फ्लेमेबल’ असतं. माझ्या पिढीने टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ वाचत घाट चढलेले आहेत.

कायद्याची अडचण

दुरुस्तीची पहिली सूचना मीच केली: मूळ इंग्रजी पुस्तिकेतच सगळीकडे ‘फ्लेमेबल’ करा. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनी मान हलवली. ‘मॅडम, ॲक्टमध्ये इन्फ्लेमेबल आहे.’

बरोबर होतं त्यांचं. २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता लागू होईपर्यंत १९४८ चा कारखाना अधिनियम होता, त्याचं कलम ३७ स्फोटक आणि ‘इन्फ्लेमेबल’ धूळ, वायू वगैरेंबद्दल होतं. १९५२ मध्ये एक अख्खा अधिनियम ‘इन्फ्लेमेबल’ पदार्थांच्या नावाने झाला. आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम उघडा, तिथे ‘फ्लेमेबल’, ‘हायली फ्लेमेबल’ अशा पायऱ्या. संयुक्त राष्ट्रांची रसायनांच्या लेबलांची पद्धत २००३ मध्ये आली, तिच्यातही ‘फ्लेमेबल’. म्हणजे एकाच ड्रमला कारखान्याचा कायदा एका नावाने हाक मारायचा, लेबल दुसऱ्या. पुस्तिकेत दोन्ही शब्द आले ते कुणाच्या गलथानपणामुळे नव्हेत. जुना थर एका काळातला, ठिगळ दुसऱ्या काळातलं.

कलम ३७ वाचताना मला एक जागा फार आवडली. चौथ्या पोटकलमात म्हटलं होतं की ज्या टाकीत किंवा भांड्यात असा पदार्थ आहे *किंवा होता*, त्यावर योग्य उपाय केल्याशिवाय वेल्डिंग वगैरे करायचं नाही. ‘किंवा होता’ या दोन शब्दांत मोठा अनुभव आहे. बेंजामिन ली वॉर्फ हे नाव भाषाशास्त्र शिकलेल्यांना माहीत असतं. हा माणूस पोटासाठी मात्र १९१९ पासून हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत आग-प्रतिबंधाचा अभियंता होता. आगींची कारणं तपासताना त्याला दिसलं की पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमांभोवती लोक जपून वावरतात आणि ‘रिकाम्या’ ड्रमांभोवती सिगारेट ओढतात. वास्तविक रिकामा ड्रम जास्त धोक्याचा, कारण त्यात वाफ भरलेली असते. ‘रिकामं’ या शब्दाचा अर्थ ‘काही नाही’ म्हणून ‘निर्धोक’ असा लावून लोक मोकळे होतात. मामांना वॉर्फ ठाऊक नाही. पण त्यांच्या स्टोअरमध्ये रिकाम्या ड्रमांची बुचं घट्ट लावलेली असतात आणि ते भरलेल्यांइतकेच दूर ठेवलेले असतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘माल संपतो, वास नाही संपत.’

तडजोड अशी निघाली: जिथे कायद्याचं नाव किंवा कलम येतं तिथे जुना शब्द राहील, बाकी सगळीकडे ‘फ्लेमेबल’. आमच्या सॉफ्टवेअरच्या स्मरणातून ती संज्ञा काढून टाकली आणि त्या शब्दावर कुलूप घातलं. आता तो आला की यंत्र भरून देत नाही, माणसाकडे बोट दाखवतं.

हातासरशी पुस्तिका पुन्हा चाळली, ‘दिसतं एक, असतं भलतंच’ अशा नजरेने. इंग्रजीतच एका ठिकाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं स्पेलिंग ‘ई’ऐवजी ‘ए’ने केलेलं होतं. ‘एफ्लुअंट’ म्हणजे कारखान्याचं सांडपाणी, ‘ॲफ्लुअंट’ म्हणजे श्रीमंत. हे आमच्या मुलीने पकडलं होतं आणि आपणहून दुरुस्त केलं होतं; त्याबद्दल तिला त्या वेळी कुणी शाबासकी दिली नव्हती. दुसरा नमुना जास्त भारी. सांडपाण्यातल्या अमोनियाबद्दल ‘अनआयनाइज्ड’ असा शब्द होता, म्हणजे आयन न झालेला. अक्षरं तीच ठेवून ‘युनियनाइज्ड’ वाचता येतं, म्हणजे कामगार संघटनेत सामील झालेला. ‘संघटित अमोनिया’ छापून गेला असता तर कामगार दिनाला हार घालावा लागला असता. इथेही तेच, सांधा कुठे मानायचा. पण तो शब्द मुलीने बरोबर फोडला होता, कारण शेजारी अमोनिया होता. ‘इन्फ्लेमेबल’च्या शेजारी नुसतंच ‘लिक्विड्स’ होतं, आणि द्रव पाणीही असतं.

पाटीवर काय लिहायचं

आम्ही कार्यालयात बसून ‘ज्वालाग्राही’ ठरवलं. मराठीत चांगला जुना शब्द आहे, नेमका आहे. ‘ज्वलनशील’ म्हणजे जळणारं, त्यात लाकूडही आलं, ‘ज्वालाग्राही’ म्हणजे झटकन ज्वाळा धरणारं. इंग्रजीतही ‘कम्बस्टिबल’ आणि ‘फ्लेमेबल’ यांत हा भेद करतात. पुस्तिकेत तो शब्द घातला आणि अजूनही तोच आहे.

पाटीसाठी मात्र या वेळी आधी कारखान्यात गेले. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गोदामापाशी जो दिसेल त्याला विचारलं. मराठी मुलांपैकी दोघांनी वाचलं आणि खांदे उडवले. एकाने विचारलं, ‘ज्वालाग्राही म्हणजे? ज्वालाचे ग्राहक?’ रात्रपाळीची बरीच माणसं बिहार-झारखंडची. त्यांना ‘ज्वलनशील’ कळलं, कारण ते एसटी-रेल्वेत आणि पेट्रोलपंपावर वाचलेलं. मामांना विचारलं, तुम्ही काय म्हणता या मालाला? ‘भडका घेणारा माल,’ ते म्हणाले, यात विचारायचं काय अशा सुरात.

मग सेफ्टी ऑफिसर, मामा आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं: वर लाल चौकटीतलं ज्वाळेचं चिन्ह, खाली ‘भडका उडेल! ठिणगी नको’, त्याखाली हिंदीची एक ओळ. ‘अज्वलनशील’ हा शब्द पूर्ण कारखान्यातून हद्दपार. जे पेटत नाही त्याच्यावर ‘पेटत नाही’ असंच लिहायचं.

नवा पत्रा यायला दोन दिवस लागणार होते. तोवर चुकीची पाटी तशीच ठेवणं शक्य नव्हतं. पेंटर शिडी लावून वर चढला आणि पाटीकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, पुसायचं कशाला? या ‘अ’ आणि ‘ज्व’च्या मध्ये जागा आहे. बारीक ‘ति’ घुसवतो. अतिज्वलनशील. झालं काम.’

मी हो म्हणणारच होते. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, पाच मिनिटांचं काम. मग डोळ्यांसमोर तो बारीक ‘ति’ आला. घाईत, सांदीत रंगवलेला, बाकीच्या अक्षरांपेक्षा ताजा, कच्च्या रंगाचा. पहिल्या पावसात तोच उडणार. आणि तो उडाला की खाली उरणार काय? इंग्रजीतल्या दोन अक्षरांवर मी दोन आठवडे तोंडसुख घेत होते, आणि आपल्या ‘अति’ आणि ‘अ’ यांच्यात, साव आणि चोर यांच्यात, एवढ्याशा ‘ति’चं अंतर होतं.

‘नको. सगळं पुसा.’

‘सगळं?’

‘एकही अक्षर ठेवू नका.’

पेंटर पुटपुटत खाली उतरला. फडकं घेतलं, स्टोअरच्या दारातल्या डब्यातून त्याच्यावर थिनर ओतला आणि पुन्हा शिडी चढू लागला. खिशात विडीचं बंडल दिसत होतं. मामा आतून ओरडले, ‘अरे, पाटी काढून तिकडे लांब मोकळ्यावर घेऊन जा! आणि ते बंडल इथं माझ्याकडे दे.’